घरच्या मद्याला ओकची संगत : लाकूड किती, कसे आणि कधी बाहेर काढायचे

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःच्या वापरापुरते मद्य घरी गाळायला कायद्याची आडकाठी नाही. परवान्याशिवाय त्याची विक्री मात्र करता येत नाही. त्यामुळे इथल्या अनेक गॅरेजमध्ये तांब्याची किंवा स्टीलची छोटी भट्टी आणि शेजारच्या फळीवर काचेच्या बरण्यांची रांग दिसते. मी वायकाटो भागात राहतो आणि गेली काही वर्षे माझ्याही गॅरेजमध्ये अशी रांग आहे. भट्टी कशी चालवावी, हा या लेखाचा विषय नाही. भट्टीतून उतरलेले, पाण्यासारखे स्वच्छ आणि जिभेला झोंबणारे मद्य ओकच्या लाकडाबरोबर कसे मुरवावे, एवढेच येथे सांगायचे आहे. महाराष्ट्रातील वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे की १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे. जेथे घरी गाळण्याची मुभा नाही, तेथे स्थानिक नियम पाहून, रीतसर विकत घेतलेल्या बाटलीवरच हा प्रयोग करावा. गोव्याच्या काजूफेणीबद्दल शेवटी लिहिले आहे.

घरगुती मद्य बिघडते ते बहुधा लाकूड जास्त झाल्याने आणि ते वेळेवर बाहेर न काढल्याने. लाकूड घालणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते काढायचा दिवस ओळखणे आणि त्यानंतर मद्याला नुसते पडून राहू देणे, यातच सगळे कसब आहे. पुढची सगळी माहिती त्या दिवसापर्यंत नीट पोहोचण्यासाठी आहे.

आधी मद्याची पारख

लाकूड चांगल्या मद्याला खुलवते, वाईट मद्याला सुधारत नाही. गाळताना सुरुवातीला उतरणारा, रंगाच्या दुकानासारखा वास येणारा भाग वेगळा काढून टाकलेला नसेल, तर ओकमध्ये वर्षभर ठेवूनही तो वास जात नाही. आरोग्याला अपायकारक असे काही मद्यात असेल, तर लाकूड ते शोषून घेऊन मद्य सुरक्षित करते, हा समज पूर्णपणे चुकीचा आणि धोक्याचा आहे. शंका असलेले मद्य मुरवायला ठेवू नये, ओतून द्यावे.

दुसरे असे की अल्कोहोलचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर नेलेल्या, चव-वास उरलेला नाही अशा मद्यात ओक घातला, तर फक्त लाकडाचा काढा हाती येतो. मुरताना लाकडातून उतरलेली द्रव्ये, मद्यातील मूळची आम्ले आणि सुगंधी द्रव्ये व हवेतील प्राणवायू यांची एकमेकांशी हळूहळू प्रक्रिया होते आणि त्यातून नवी चव तयार होते. मूळ मद्यात धान्याचा, काकवीचा किंवा फळाचा स्वभाव शिल्लक असेल, तरच लाकडाला सोबत करायला काही मिळते. माझ्याकडे बार्लीच्या माल्टचे, काकवीचे आणि शरद ऋतूत इथे घरोघरी पडणाऱ्या फिजोआ फळाचे, अशी तीन प्रकारची मद्ये असतात आणि तिघांना लागणारे लाकूड वेगवेगळे असते.

ओकच का, आणि कोणता ओक

मद्य मुरवण्यासाठी प्रामुख्याने तीन जातींचे ओक वापरले जातात : अमेरिकेतील पांढरा ओक आणि युरोपातील दोन जाती, ज्यांची लाकडे फ्रान्समधील लिमुझाँ आणि त्राँसे या जंगलांच्या नावाने ओळखली जातात. पांढऱ्या ओकच्या वाहिन्या आतून फुग्यासारख्या वाढलेल्या पेशींनी बुजलेल्या असतात, म्हणून त्याचे पिंप गळत नाही. लाल ओकच्या वाहिन्या मोकळ्या असतात. त्याच्या कांडीचे एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकातून फुंकले, तर पाण्यात बुडबुडे येतात. लाकूड कोणते, याची शंका असेल तर ही परीक्षा घरी सहज करता येते. लाल ओक मी वापरत नाही.

कच्च्या ओकचा वास सुताराच्या दुकानातल्या भुशासारखा असतो. चव येते ती लाकूड भाजल्यावर. लाकडातला हेमिसेल्युलोज हा घटक उष्णतेने फुटतो तेव्हा लाकडातील साखरा सुट्या होऊन करपतात आणि कॅरमल, भाजलेले बदाम अशा वासांची द्रव्ये तयार होतात. लिग्निन हा लाकडाचा दुसरा घटक फुटल्यावर व्हॅनिलिन मिळते, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचे मूळ द्रव्य. लवंगेचा वास देणारे युजेनॉल लाकडातच असते आणि जास्त भाजल्यावर धुराच्या वासाची द्रव्ये वाढतात. लॅक्टोन नावाच्या द्रव्यांमुळे ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. अमेरिकन ओकमध्ये ती अधिक असतात. युरोपीय ओकमध्ये टॅनिन जास्त असते, म्हणून त्याची चव तुरट, मसालेदार आणि कोरडी लागते. या हिशेबाने काकवीच्या आणि धान्याच्या मद्याला मी अमेरिकन ओक देतो आणि फळाच्या मद्याला फ्रेंच. फिजोआचा वास आधीच इतका दाट असतो की खोबऱ्याची भर त्याला सोसत नाही.

लाकूड कोठून आणावे, कोठून आणू नये

घरगुती मद्याचे सामान विकणाऱ्या दुकानांत भाजलेल्या ओकच्या ढलप्या, चौकोनी तुकडे आणि कांड्या तयार मिळतात. नवख्याने तेथूनच सुरुवात करावी. न्यूझीलंडमध्ये दुसरी एक सोय आहे : मार्लबरो आणि हॉक्स बे येथील वायनरींतून निघालेली जुनी पिंपे बागेतील कुंड्यांसाठी अर्धी कापून विकली जातात आणि त्यांच्या फळ्या स्वस्तात मिळतात. अशी फळी घेतली, तर वाइनने माखलेली आतली बाजू रंध्याने ८ मिलिमीटरपर्यंत तासून काढावी, बाहेरची मळलेली बाजूही तासावी आणि मधले फिके, स्वच्छ लाकूड वापरावे. नवे लाकूड घ्यायचे असेल, तर ते लाकूड सुकवण्याच्या भट्टीत घाईने सुकवलेले नसावे. पिंपे करणारे कारागीर ओकच्या फळ्या उघड्यावर, पावसापाण्यात १८ ते ३६ महिने रचून ठेवतात. त्यामुळे कडवट टॅनिन धुऊन जाते. वायनरीच्या फळीला हे संस्कार आधीच झालेले असतात.

इमारतीच्या कामातील, मालवाहू पॅलेटमधील किंवा जुन्या फर्निचरमधील लाकूड कधीही वापरू नये. येथील पाइनच्या लाकडाला कीड लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचा मारा केलेला असतो. रंधा मारून किंवा भाजून ते विष जात नाही, आणि असे लाकूड जाळल्यावर निघणारा धूरसुद्धा घातक असतो. पॉलिश, डिंक किंवा रंग लागलेला ओकही तितकाच त्याज्य समजावा.

भाजणे

माझ्या कांड्या साधारण दीड सेंटिमीटर जाड, तितक्याच रुंद आणि १० सेंटिमीटर लांब असतात. त्या ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून घरच्या ओव्हनमध्ये २ तास ठेवतो. १६० ते १७० अंशांना लाकडाचा गोडवा आणि खोबऱ्याचा वास टिकतो, १९० ते २०० अंशांना व्हॅनिला आणि कॅरमल वर येतात, आणि २१५ अंशांच्या पुढे कॉफी, कडू बदाम आणि धूर यांच्याकडे चव झुकते. एक कांडी मधून मोडून पाहावी. बाहेरचा तपकिरी रंग गाभ्यापर्यंत पोहोचला असेल, तर भाजणे पुरे झाले. गाभा पिवळट दिसत असेल, तर आणखी अर्धा तास द्यावा. त्या वेळी घरभर जो वास सुटतो, तो खरवस उकडतानाच्या वेलची-जायफळाच्या वासाइतकाच ओढ लावणारा असतो.

बर्बन या अमेरिकन व्हिस्कीसारखी चव हवी असेल, तर भाजलेल्या कांडीचा वरचा थर जाळावा लागतो. अमेरिकेच्या कायद्यानुसार बर्बन आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, आणि पिंप आतून १५ ते ५५ सेकंद, आवडीनुसार कमी-जास्त जाळले जाते. जळालेला कोळशाचा थर मद्यातील गंधकाचे उग्र वास शोषून घेतो आणि त्याच्या मागच्या भाजलेल्या लाकडापर्यंत मद्य त्या थराच्या भेगांतून पोहोचते. घरी हे काम गॅसच्या टॉर्चने, उघड्यावर आणि मद्याच्या साठ्यापासून खूप दूर करावे. प्रत्येक बाजूला ३० ते ४० सेकंद ज्योत धरली की पृष्ठभाग मगरीच्या पाठीसारखा भेगाळतो. लगेच कांडी पाण्यात बुडवून विझवावी आणि सुटा कोळसा ब्रशने झाडून टाकावा. ६० टक्क्यांच्या मद्याची वाफ खोलीतल्या साध्या उबेतही पेट घेऊ शकते, म्हणून टॉर्च आणि बरणी एका छताखाली कधी आणू नयेत.

तीव्रता बेतणे

पाण्यात विरघळणारी द्रव्ये, म्हणजे लाकडाच्या साखरा आणि टॅनिन, कमी तीव्रतेच्या मद्यात जास्त उतरतात. लॅक्टोन आणि लिग्निनपासून झालेली सुगंधी द्रव्ये अधिक तीव्रतेच्या मद्यात जास्त उतरतात. दोन्हींचा मेळ ५५ ते ६३ टक्क्यांच्या दरम्यान चांगला बसतो. बर्बन पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मी ६० टक्के धरतो. भट्टीतून ७५ टक्क्यांचे मद्य उतरले असेल, तर १ लिटरला सुमारे २५० मिलिलिटर शुद्ध पाणी घालावे. पाणी उकळून गाळलेले चालत नाही, कारण त्यातील क्षार तसेच राहतात. ऊर्ध्वपातित किंवा आरओचे पाणी घ्यावे.

तीव्रता मोजायची ती लाकूड घालण्याआधी, २० अंश तापमानाला, आणि आकडा बरणीवर लिहून ठेवायचा. लाकडातून द्रव्ये उतरली की मद्याची घनता वाढते आणि अल्कोहोलमीटर खऱ्यापेक्षा कमी टक्के दाखवू लागतो. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण मुरलेल्या मद्यात कमी पाणी घालतात आणि बाटली अपेक्षेपेक्षा कडक का लागते, याचे कोडे त्यांना उलगडत नाही.

किती लाकूड, किती दिवस

पिंपाच्या हिशेबावरून याचा अंदाज करता येतो. २०० लिटरच्या पिंपात मद्याच्या प्रत्येक लिटरला साधारण १०० चौरस सेंटिमीटर लाकूड स्पर्श करते. वर सांगितलेल्या एका कांडीचा पृष्ठभाग सुमारे ६५ चौरस सेंटिमीटर भरतो. पण कांडीच्या दोन्ही आडव्या कापांतून मद्य पिंपाच्या मानाने फार लवकर आत शिरते, म्हणून लिटरला एकच कांडी, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम लाकूड, मी पुरेसे मानतो. ढलप्या वापरायच्या असतील, तर लिटरला ४ ते ५ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. ढलप्यांची चव एक-दोन आठवड्यांत उतरते, चौकोनी तुकड्यांना एक ते दोन महिने लागतात आणि कांडीला तीन ते सहा महिने. शक्य असेल तेथे कांडीच घ्यावी. ढलपी सगळे एकदम देऊन टाकते आणि तिचे प्रमाण चुकले की सावरायला दिवसही हाती राहत नाही.

बरणी काचेचीच असावी. प्लॅस्टिक, रबर आणि आतून अस्तर असलेली झाकणे कडक मद्याच्या संपर्कात ठेवू नयेत. बरणी तीन चतुर्थांश भरावी, कारण वरच्या हवेतील प्राणवायूशिवाय मद्य मुरत नाही, नुसते रंगते. आठवड्यातून एकदा झाकण काढून बरणी हलक्या हाताने फिरवावी आणि दोन मिनिटे उघडी ठेवून पुन्हा बंद करावी. ऊन्हात ठेवू नये. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या गॅरेजमध्ये ठेवावी. उबेत मद्य फुगून लाकडाच्या रंध्रांत शिरते आणि गारव्यात आकसून बाहेर येते. या हालचालीमुळे उष्ण प्रदेशात सगळेच लवकर घडते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दर वर्षी सुमारे २ टक्के मद्य उडून जाते आणि त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत तो वाटा १० टक्क्यांच्याही वर जातो, आणि तेथील व्हिस्की स्कॉचच्या मानाने फार थोड्या वर्षांत तयार होते. पुण्या-नागपुरात किंवा ब्रिस्बेनला राहणाऱ्याने म्हणूनच माझे महिने निम्मे समजून चव घ्यायला लवकर सुरुवात करावी.

कांडी टाकली की पहिल्या मिनिटापासून पाहण्यासारखे घडते. दोन्ही टोकांतून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर निघतात, कारण मद्य आत शिरून हवेला बाहेर ढकलत असते. तासाभरात कांडीखाली चहासारखे तपकिरी धागे उतरू लागतात आणि न ढवळता तळाशी जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी बरणी गवती पिवळी दिसते, आठवड्यात मधासारखी. या रंगाने हुरळून जाऊ नये. रंग सर्वांत आधी येतो, चव त्याच्या बरीच मागून येते.

चव घेणे आणि लाकूड काढणे

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि नंतर पंधरा दिवसांनी चव घ्यावी. बरणीतून एक चमचा मद्य काढून त्यात दीड चमचा पाणी मिसळावे, म्हणजे तीव्रता २४ टक्क्यांच्या आसपास येते आणि जीभ बधिर होत नाही. आधी वास घ्यावा, मग घोट तोंडात फिरवून थुंकावा आणि अर्धा मिनिट थांबून हिरड्यांकडे लक्ष द्यावे. सुरुवातीला मद्याचा कोरा झणका आणि ओल्या लाकडाचा वास वेगवेगळे जाणवतात. पुढे व्हॅनिला वर येतो आणि झणका मागे सरकतो. कच्ची सुपारी चघळल्यासारखी हिरड्यांची पकड जाणवू लागली, की लाकूड त्याच दिवशी बाहेर काढावे; "अजून एक आठवडा पाहू" असे म्हणू नये. प्रत्येक वेळचे दोन शब्द तारखेसह वहीत लिहावेत, कारण महिन्यापूर्वीची चव कोणालाच आठवत नाही.

मी हे धडा मिळाल्यावर शिकलो. दुसऱ्याच वर्षी माल्टच्या २ लिटर मद्यात मी ४० ग्रॅम ढलप्या घातल्या आणि भारतात जाऊन पाच आठवड्यांनी परतलो. बरणी कडक कॉफीसारखी काळपट झाली होती आणि घोट घेतल्यावर चहाचा चोथा चावल्यासारखी जीभ टाळूला चिकटली. इतके निगुतीने गाळलेले मद्य आपल्या हाताने घालवले, याचे फार वाईट वाटले. त्यावर उपाय एकच निघाला : ओक न लागलेले ताजे मद्य त्यात मिसळणे. एकास तीन प्रमाणात मिसळल्यावर आणि सहा महिने तसेच ठेवल्यावर ते पिण्याजोगे झाले. साखर घालून तुरटपणा झाकण्याचा प्रयत्न मी केला होता. त्याने तो झाकला गेला नाही.

लाकूड काढल्यावर मद्य कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळावे आणि त्याच बरणीत, थोडी हवा राखून, किमान दोन-तीन महिने लाकडाशिवाय ठेवावे. घरगुती मद्य करणारे बहुतेक जण ही पायरी वगळतात आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. या काळात टॅनिनचा कडकपणा निवतो, लाकडाचा आणि धान्याचा वास एकमेकांत मिसळतो. लोणच्याला फोडणी दिल्या दिवशी मीठ, तिखट आणि कैरी वेगवेगळी लागतात आणि पावसाळा सरता सरता त्यांची एकच चव होते, तसेच हे आहे. स्कॉचला कायद्याने किमान तीन वर्षे ओकमध्ये राहावे लागते. घरच्या बरणीला तेवढे थांबणे जमले नाही, तरी सहा महिने लाकडासह आणि सहा महिने लाकडाविना, असे वर्ष तिला द्यावे.

पिण्याच्या तीव्रतेला आणताना ६० टक्क्यांच्या १ लिटर मद्यात सुमारे ३९५ मिलिलिटर पाणी घातले की ते ४३ टक्के होते. हे पाणी एकदम ओतू नये. तीन-चार हप्त्यांत, दोन दोन दिवसांच्या अंतराने घालावे. ४६ टक्क्यांच्या खाली आल्यावर मद्य थोडे गढूळ झाले, तर घाबरण्याचे कारण नाही. त्यातील तेलकट सुगंधी द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत म्हणून ती धुक्यासारखी दिसतात. मी ती गाळत नाही. चवीचा बराचसा भाग त्यांतच असतो.

लहान पिंपे आणि फेणी

५ लिटरचे छोटे पिंप दिसायला देखणे असते, पण त्यात लिटरमागे लाकडाचा स्पर्श २०० लिटरच्या पिंपाच्या तिपटीहून अधिक असतो. पहिल्या भरणीत तीन-चार आठवड्यांतच लाकूड जास्त होते आणि मद्य मुरायच्या आधीच बाहेर काढावे लागते. पिंप घेतलेच, तर ते आधी तीन-चार दिवस पाण्याने भरून फुगवून घ्यावे आणि नंतर कधीही कोरडे पडू देऊ नये, नाहीतर फळ्या आकसून ते गळू लागते. तिसऱ्या-चौथ्या भरणीपासून ते खरे उपयोगाचे होते.

काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ती परंपरेने लाकडात नव्हे, तर काचेच्या मोठ्या बरण्यांत मुरते. बाजारातली फेणी ४२-४३ टक्क्यांची असल्यामुळे तिच्यात टॅनिन लवकर उतरते, म्हणून तिला लिटरमागे अर्धीच कांडी, तीही आधी एकदा वापरलेली, द्यावी. तीन आठवड्यांनी चव घ्यायला सुरुवात करावी आणि काजूच्या बोंडाचा वास दबू लागल्याची जरा जरी शंका आली, तरी कांडी काढून घ्यावी. माझ्या मते फेणीला इतकाच ओक शोभतो.

वापरलेली कांडी फेकू नये. बर्बनची रिकामी पिंपे स्कॉटलंडला जाऊन पुन्हा भरली जातात, तशी आपली कांडीही दुसऱ्यांदा, कमी रंग आणि अधिक मवाळ चव देत, दुप्पट वेळ घेऊन काम करते. दोन भरण्यांमध्ये ती कोरडी न ठेवता थोड्या मद्यात बुडवून, झाकण लावलेल्या छोट्या बाटलीत ठेवावी आणि बाटलीवर आधीच्या मद्याचे नाव लिहावे, म्हणजे काकवीच्या मद्यातली कांडी चुकून फिजोआत जाणार नाही.